‘सौम्य’ आम्ल म्हणजे काय?

रसायनशास्त्रातल्या शब्दावर बोलायला आमच्यासारखा माणूस उभा राहावा, याचे काहींना नवल वाटेल. शाळा आम्ही नववीतच सोडली. पुढे जे रसायनशास्त्र शिकलो, ते अपघात झालेल्या कामगारांचे अर्ज लिहिता लिहिता. आजचा शब्दही तेथूनच आला आहे.

आमच्या भागातील एका कारखान्यात स्टेनलेस स्टीलच्या नळ्या अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवून साफ करीत. या कामाला पिकलिंग म्हणतात. त्यासाठी दोन अ‍ॅसिडे लागत, नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक. नव्या आलेल्या एका मुलाने सुपरवायझरला विचारले, “साहेब, यातले वाईट कोणते?” उत्तर मिळाले, “नायट्रिक जपून हाताळ. दुसरे सौम्य आहे.” त्या दुसऱ्याचे चार थेंब हातमोज्याच्या भोकातून बोटांवर गेले. जळजळ झाली नाही, म्हणून तो हात पुसून काम करीत राहिला. ठणका लागला तो रात्री, घरी गेल्यावर. शेवटी दोन बोटांची टोके काढावी लागली.

आता गंमत अशी, की सुपरवायझर खोटे बोलला नव्हता. पुस्तकात हायड्रोफ्लोरिक आम्लाची गणना सौम्य आम्लांतच आहे. घोटाळा आहे तो शब्दात.

घरात आपण कडक चहात पाणी ओतले, की तो सौम्य झाला असे म्हणतो. म्हणजे आपल्या मनात सौम्य याचा अर्थ पातळ, आणि म्हणून निरुपद्रवी. रसायनशास्त्रात पातळपणासाठी निराळा शब्द आहे, विरल. आणि त्याच्या उलट संहत. या जोडीने पाण्यात आम्ल किती आहे एवढेच कळते. तीव्र आणि सौम्य ही जोडी वेगळीच गोष्ट सांगते. आम्लाचा रेणू पाण्यात गेला, की त्याच्यातून हायड्रोजनचा विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटा होतो. मिठाच्या आम्लाचे, म्हणजे हायड्रोक्लोरिकचे, जवळजवळ सगळे रेणू असे फुटतात, ते तीव्र. व्हिनेगरमधील अ‍ॅसेटिक आम्लाचे दोनशे रेणूंपैकी एखादाच फुटतो, ते सौम्य. पण हेच अ‍ॅसेटिक आम्ल जवळजवळ निर्जळ मिळते, तेव्हा ते सौम्य असूनही संहत असते, आणि कातडी भाजून काढते.

हा आयनांचा विचार स्वीडनच्या स्वांते अर्हेनियस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडला. उप्साला विद्यापीठातील परीक्षकांनी त्याला हलका शेरा दिला. त्याच कामासाठी १९०३ साली अर्हेनियस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परीक्षेत मागे पडलेल्या आमच्यासारख्यांना ही हकीकत फार आवडते, म्हणून सांगितली.

हायड्रोफ्लोरिकमध्ये हायड्रोजन आणि फ्लोरीन यांची मिठी फार घट्ट असते. विरल द्रावणात थोडेच रेणू फुटतात. बाकीचे अखंड राहतात, आणि अखंड रेणूवर विद्युतभार नसल्यामुळे तो कातडीतून सहज आत उतरतो. आत गेल्यावर फ्लोराइड शरीरातील कॅल्शियम पकडतो. मांस मरते, हाडापर्यंत इजा जाते, आणि आम्ल पुष्कळ गेले असेल तर रक्तातील कॅल्शियम घटून हृदय बंद पडू शकते. विरल द्रावणाने दुखायला कधी कधी दिवसभराचाही अवकाश लागतो. म्हणजे ज्या गुणामुळे त्याला सौम्य म्हणतात, तोच गुण त्याला आत नेतो! दक्षिण कोरियातील गुमी येथे २०१२ साली याच रसायनाची गळती झाली. तेव्हा ५ माणसे दगावली.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याची माहिती कामगाराला देणे मालकावर बंधनकारक झाले. पण माहिती कोणत्या शब्दांत द्यायची, हा प्रश्न उरतोच. ‘सौम्य आम्ल’ ही माहिती खरीच आहे. तिनेच त्या मुलाची बोटे घेतली.

त्या कारखान्यात पुढे संघटनेने भांडून पाटी बदलून घेतली. तिच्यावर तीव्र नाही, सौम्य नाही. मराठीत आणि हिंदीत एवढेच लिहिले आहे: ‘कातडीतून आत जाते. दुखले नाही तरी लगेच नळाखाली धुवा, कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळा, दवाखान्यात जा.’ जेलची ट्यूब टाकीशेजारच्या पेटीत असते. तिची मुदत संपली नाही ना, हे दर महिन्याला पाहण्याचे काम त्या मुलाने स्वतःहून मागून घेतले आहे.