घाट उतरायचा तर ब्रेक पॅडमध्ये काटकसर नको

पाटण, कोयनानगर भागातली मंडळी बाजार, दवाखाना, पाहुणेरावळे अशा कामांसाठी कुंभार्ली घाटाने चिपळूणला जातात. गाडीत घरची चार-पाच माणसे, डिकीत एखाद-दुसरे पोते. अशा वेळी उतारावर चाकातून जळका वास यायला लागतो. पेडल दगडासारखे कडक लागते, पण गाडी काही आवरत नाही. ‘ब्रेक फेल झाला,’ असे आपण म्हणून मोकळे होतो. पुष्कळदा खरा प्रकार वेगळाच असतो. पॅड अति तापतात आणि त्यांची पकड सुटते. पेडल मऊ पडून खाली गेले, तर मात्र ब्रेक ऑईल उकळल्याची शंका घ्यावी.

गॅरेजमध्ये मिस्त्री म्हणतो, ‘‘दादा, हे घाला. निम्म्या पैशात बसतंय. गावात फिरायला चालतंय की!’’ गावात चालते हे खरे. पण तीच गाडी उद्या घाटात न्यायची असते.

अक्षरे वाचा

पॅड घेताना नुसत्या खोक्यावर जाऊ नका, पॅडची कड पाहा. अनेक पॅडवर तिथे क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साध्या तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यानंतरची. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५. म्हणजे ‘एफ-ई’ पॅड तापल्यावर ढिला पडतो, ‘एफ-एफ’ टिकून धरतो. ही अक्षरे फक्त पकडीची. पॅड किती दिवस टिकेल ते त्यांवरून कळत नाही.

धातूचा कीस घातलेले पॅड उष्णता सोसतात, पण आवाज करतात आणि डिस्क जास्त झिजवतात. सिरॅमिकचे पॅड शांत असतात, धूळ कमी सोडतात, पण महाग पडतात. रोजच्या गाडीला कंपनीने मूळ दिलेल्या प्रतीचे किंवा त्याच तोडीचे पॅड, पक्की पावती घेऊन बसवणे हेच बरे.

बदलायचे कधी?

पॅडचा घासणारा थर ३ मिलिमीटरवर आला की बदलावा. ब्रेक लावताना बारीक किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर गाडी लगेच दाखवून घ्या. खरवडल्याचा आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड घासते आहे. मग पॅडबरोबर डिस्कचाही खर्च बसतो. पॅड एकाच चाकाचे बदलू नयेत, पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. नाहीतर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढते. नवे पॅड रुळेपर्यंत, पहिले २०० ते ३०० किलोमीटर, शक्यतो जोराचा ब्रेक टाळावा. त्या दिवसांत घाटात जाऊ नये.

जुन्या पॅड-लायनरची धूळ हवा मारून उडवू नका. जुन्या मालात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ते फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसावे.

आणि पॅड कितीही चांगला असला, तरी घाट चढताना जो गिअर लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिनाने गाडी धरली म्हणजे ब्रेकला विसावा मिळतो.

खताच्या पोत्यावरचा शिक्का आपण चार वेळा वाचतो. पॅडवरची दोन अक्षरे एकदा वाचायला काय हरकत आहे? घरची माणसे त्यांच्याच भरवशावर घाट उतरतात.