दूध तोडलेल्या डुकराच्या पिल्लांचा आहार



रानडुकरांनी ऊस लोळवला की डुकराचं नाव काढलं तरी आपल्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही जोडधंदा म्हणून काही सभासदांनी यॉर्कशायर पिल्ले आणली आहेत. त्यांतल्या एकाने मळी स्वस्त पडते म्हणून नुकत्याच दूध तोडलेल्या पिल्लांना तीच भरपूर चारली. चार दिवसांत हगवण लागून तीन पिल्ले गेली. मळीतली साखर व क्षार आतड्यात पाणी ओढतात. मोठ्या डुकराला खाद्यात दहा टक्क्यांपर्यंत मळी चालते, लहानग्यांना नको.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की दूध तोडतात. दुधाला सरावलेल्या पोटाला धान्य आणि पेंड एकदम पचत नाही. न पचलेलं आतड्यात आंबतं, जंतू माजतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासूनच भरडा चिमूटचिमूट समोर ठेवावा. तोडताना मादीला हलवावे, पिल्ले जुन्याच जागी राहू द्यावीत. पहिले दोन-तीन दिवस हात आखडता ठेवून दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. मग दहा किलोच्या पिल्लाला रोज अर्धा किलोपर्यंत न्यावे. स्वच्छ पाणी कायम हवे.

शंभर किलो खाद्यासाठी मका भरडा ६०, सोयापेंड २०, भाताचा कोंडा १०, सुक्या मासळीचा चुरा ८, क्षार मिश्रण दीड आणि मीठ अर्धा किलो घ्यावे. मासळी खारवलेली असेल तर मीठ वगळा. मीठ जास्त आणि पाणी कमी झालं की पिल्ले झटके येऊन मरतात. घरचं सोयाबीन कच्चं घालू नये, ते पचत नाही. पेंड घ्या, नाहीतर दाणे चांगले भाजून भरडा. बुरशी आलेली शेंगदाणा पेंड फुकट मिळाली तरी नको.

कोंड्याचं आमच्या अंजूरकडे, भिवंडीच्या भातपट्ट्यात, लहानपणापासून पाहिलंय. (आता तिकडे गोदामंच गोदामं!) कोंडा म्हणजे तूस नव्हे. तुसाने पोट भरतं, अंगी काही लागत नाही. आणि कोंड्यात तेल असतं, साठवला की खवट होतो. लागेल तेवढाच आणावा.

हॉटेलातलं उरलेलं अन्न आणत असाल तर ते पूर्ण उकळूनच द्या. २०२० साली आसामात आफ्रिकन स्वाईन फीव्हर आला तो याच वाटेने पसरू शकतो. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत त्यावर औषध नाही.

हगवण दिसताच खाद्य निम्मे करा, पाण्यात मीठ-साखर द्या आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.