एक लाख पस्तीस हजार मार्कांची रात्र

ऐंशीच्या दशकात पश्चिम जर्मनीच्या टपाल खात्याने 'बिल्डशिर्मटेक्स्ट' नावाची सेवा आणली. घरचा टीव्ही टेलिफोनला जोडायचा आणि पडद्यावर बातम्या वाचायच्या, माल मागवायचा, बँकेचे व्यवहारही करायचे. काही पानं सशुल्क असत. पान उघडलं की रक्कम उघडणाऱ्याच्या बिलात चढे आणि पान ठेवणाऱ्याच्या नावे जमा होई. सेवा सुरक्षित आहे, असं खातं छातीठोकपणे सांगत होतं.

वाऊ हॉलंड आणि स्टेफेन वेर्नेरी यांना ते पटेना. दोघेही 'केऑस कॉम्प्युटर क्लब'चे. हा क्लब १९८१ साली बर्लिनमध्ये एका वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मला. नोव्हेंबर १९८४ मध्ये हॅम्बुर्गच्या बचत बँकेचा पासवर्ड त्यांच्या हाती लागला. पान गच्च भरलं की यंत्रणा नको ते पडद्यावर सांडते आणि पासवर्ड तसाच मिळाला, असं क्लबचं म्हणणं होतं. टपाल खात्याने ते नाकारलं. मग क्लबच्या संगणकाने बँकेच्या नावाने क्लबचंच एक पान रात्रभर पुन्हा पुन्हा उघडलं. दर खेपेला ९.९७ मार्क. सकाळपर्यंत साडेतेरा हजारांच्या आसपास खेपा झाल्या आणि बँकेच्या माथी सुमारे १,३५,००० मार्क बसले.

पुढे जे झालं, ते मला चोरीच्या तंत्राहून फार मोलाचं वाटतं. दोघांनी पत्रकारांना बोलावून सगळा प्रकार सांगितला आणि पैशांवर हक्क सांगितला नाही. ज्या व्यवस्थेवर लोकांनी आपला पैसा सोपवायचा, तिची भोकं लोकांना ठाऊक हवीत, इतकाच त्यांचा आग्रह होता.

सगळेच हॅकर असे नव्हते, हेही सांगायला हवं. हॅनोव्हरच्या काही तरुणांनी अमेरिकी संगणकांतली माहिती केजीबीला विकली. १९८९ मध्ये ते प्रकरण फुटलं. याच काळात क्लबने आपल्या नीतिनियमांत भर घातली: दुसऱ्याच्या डेटात घाण करू नका; सार्वजनिक माहिती खुली करा, खासगी माहिती जपा. माझ्या मते हॅकरचं सारं नीतिशास्त्र या दुसऱ्या नियमात आलं.

या परंपरेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. नेदरलँड्सची मतदान यंत्रं २००६ मध्ये फोडून दाखवणारे हॅकर रॉप खोंग्रेइप २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद आणि अमेरिकेतले ॲलेक्स हाल्डरमन यांच्यासोबत भारतीय मतदान यंत्र तपासायला बसले. यंत्र हातात मिळालं, तर आतला निकाल दाखवणारा भाग बदलून आकडे फिरवता येतात, हे त्यांनी करून दाखवलं. निवडणूक आयोगाचं म्हणणं असं, की प्रत्यक्षातल्या बंदोबस्तात यंत्र असं कुणाच्या हाती पडतच नाही. पण हे यंत्र मुंबईतल्या सरकारी ताब्यातलंच होतं! ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई पोलिसांनी प्रसादांना हैदराबादहून अटक केली. यंत्र दिलं कुणी, हे पोलिसांना जाणून घ्यायचं होतं. प्रसादांनी नाव सांगितलं नाही. आठवडाभराने जामीन मिळाला.