ठरले ४६०, झाले ३८५

अभियांत्रिकीच्या चार वर्षांत यंत्र कसं चालतं ते शिकवतात. कारखान्यात गेल्यावर लक्षात येतं, की नीट चालणाऱ्या यंत्रापाशी इंजिनिअरचं फारसं कामच नसतं. तिथे ऑपरेटर पुरेसा असतो. ठरलेलं आणि झालेलं यांचा मेळ बसत नाही, तेव्हा इंजिनिअरला हाक येते. आणि तो मेळ सहसा बसत नाही. पदवीधर इंजिनिअरचा दिवस या तफावतीमागे जातो, असं म्हटलं तर शॉप फ्लोअरवरचं कुणी नाही म्हणणार नाही.

चाकण पट्ट्यात बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने आहेत. त्यांच्या आसपास सुटे भाग बनवणाऱ्या पुरवठादारांची दाट वस्ती आहे. अनेक नव्या पदवीधरांची पहिली नोकरी अशाच एखाद्या पुरवठादाराकडे, ‘जीईटी’, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून लागते. पहिल्या पाळीची बस पहाटेच थांब्यावर येते. गेटवर कार्ड पंच करायचं, सेफ्टी शूज घालायचे आणि चहाच्या आधी रात्रपाळीचा फलक वाचायचा.

समजा, लाइनवर अॅल्युमिनियमची हाउसिंग मशिन होते आहे. साडेआठ तासांच्या पाळीतून जेवण आणि चहाची सुट्टी वगळली, की ४६० मिनिटं उरतात. मिनिटाला एक नग, म्हणून उद्दिष्ट ४६०. फलकावर मात्र चांगले नग ३८५. उरलेले ७५ कुठे गेले, हा सकाळच्या मीटिंगमधला पहिला प्रश्न.

उत्तर तीन खान्यांत विभागून द्यावं लागतं. लाइन ४६ मिनिटं बंद होती: टूल बदललं, एक सेन्सर बिघडला, कच्चा माल उशिरा आला. तिथे ४६ नग गेले. उरलेल्या ४१४ मिनिटांत ४१४ ऐवजी ३९३ नगच निघाले, कारण मशीन मधूनमधून अडखळत होतं, हे २१. त्या ३९३ पैकी ८ रिजेक्ट झाले. उपलब्धता ९० टक्के, वेग ९५ टक्के, गुणवत्ता ९८ टक्के. सुटे पाहिले तर तिन्ही आकडे शाबासकीचे. त्यांचा गुणाकार केला, की जेमतेम ८४ टक्के हाती येतात. याच आकड्याला फ्लोअरवर ‘ओईई’ म्हणतात. जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी टीपीएम या देखभाल-पद्धतीतून तो जगभर रुजवला. प्रत्येक विभाग आपापल्या जागी बरोबर असूनही कारखाना मागे कसा पडतो, ते हा गुणाकार दाखवतो.

सर्वांत लहान आकडा ८ चा, पण इंजिनिअरचा निम्मा दिवस बहुधा तोच खातो. बंद पडलेलं मशीन सगळ्यांना दिसतं. चुकीचा नग चांगल्या नगासारखाच दिसतो. हाउसिंगचा बोअर ५० मिलिमीटरचा आहे आणि ड्रॉइंगवर त्याला ‘एच-सात’ टॉलरन्स दिला आहे असं धरू. म्हणजे ५०.००० ते ५०.०२५, अवघी २५ मायक्रॉनची मुभा. लाइनवरच्या गेजवर बोअर ५०.००८ आला आणि नग पास झाला. तोच नग तासाभराने स्टँडर्ड रूममध्ये ४९.९९७ भरला. लाइनवाले म्हणतात गेज बरोबर आहे, क्वालिटीवाले म्हणतात नग चूक आहे. दोघंही खरं बोलत असतात.

गोम तापमानात असते. मोजमापाचं जागतिक मान्यतेचं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. मशीनमधून नुकताच निघालेला नग त्याहून १० अंशांनी गरम असेल, तर अॅल्युमिनियमचा ५० मिलिमीटरचा बोअर साधारण साडेअकरा मायक्रॉन मोठा भरतो. जवळजवळ निम्मा टॉलरन्स नुसत्या उष्णतेने गिळला. हे गणित दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात असतं. ते या आठ नगांना लागू आहे, हे मात्र पुस्तकात नसतं. ते कळतं लाइनवरच्या माणसाकडून. पंधरा वर्षं तेच मशीन चालवणारे मामा सहज म्हणून जातात, “साहेब, दोन दिवस झाले, नग हाताला गरम लागतोय.”

मग ‘का?’ची साखळी सुरू होते. टोयोटाच्या ताइची ओहनो यांनी पाच वेळा ‘का’ विचारण्याची शिस्त लावली, ती आज चाकणच्या शेडमध्येही पाळली जाते. बोअर लहान का? मोजला तेव्हा गरम होता. गरम का? कूलंट तापलं होतं. ते का तापलं? चिलर पुरेसा थंडावा देत नव्हता. का? फिल्टर चोंदला होता. का चोंदला? देखभालीच्या चेकशीटमध्ये तो साफ करण्याची नोंदच नव्हती. पहिल्या उत्तरावर थांबलं असतं तर मशीनचा ऑफसेट बदलून सगळे मोकळे झाले असते, आणि फिल्टर साफ झाल्यावर बोअर मोठा येऊ लागला असता. पाचव्या उत्तराने चेकशीटमध्ये एक ओळ वाढते. दिवसभराच्या धावपळीचं दिसणारं फळ एवढंच.

दुपारनंतर कॉम्प्युटरवरचं काम निघतं: ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर, रिजेक्शनचा आलेख, उद्याच्या ऑडिटची फाइल. यातला कंट्रोल चार्ट शंभर वर्षांचा आहे; अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर श्युहार्ट यांनी तो १९२४ मध्ये मांडला. कोणता चढउतार नेहमीचा आणि कोणता दखल घेण्याजोगा, हे वेगळं करण्यासाठी तो आजही भिंतीवर लागतो.

पाळी संपते, कामगारांची बस सुटते. इंजिनिअर मागे राहतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पण देखरेखीच्या पदांना कामाच्या तासांतून सूट देण्याची मुभाही राज्यांना दिली. दुसऱ्या पाळीच्या इन्चार्जला चिलरची हकीकत सांगून, लॉगबुकात लिहून मगच निघता येतं. तोंडी सांगितलेलं रात्री कुणाच्या लक्षात राहत नाही.

एवढं करून काही महिन्यांनी ७५ ची तफावत खरंच मिटली, तर कौतुक होतं, लाइनवर पेढे वाटले जातात. पुढच्या आढावा बैठकीत वरिष्ठ विचारतात, सायकल टाइम ६० सेकंदांवरून ५७ वर आणता येईल का? म्हणजे नवी तफावत जन्माला आली. हे तीन सेकंद कुठून काढायचे? वर्षभरापूर्वी त्याने त्यासाठी आधी लॅपटॉप उघडला असता. आता तो आधी मामांच्या मशीनपाशी जातो.