स्मरणिका आणि चादर

३० सप्टेंबर १९९३. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी भूकंपानं हादरली. अनंत चतुर्दशी नुकतीच उलटली होती, गणेश मंडळांच्या पोरांचे घसे अजून बसलेलेच होते. त्या आठवड्यात मराठवाड्यात जागोजाग मदतफेऱ्या निघाल्या. चौघांनी चादरीची टोकं धरायची आणि बाजारातून चालत सुटायचं. मंच नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, घोषणासुद्धा एका सुरात नाहीत. चादर मात्र जड होत जायची.

एरवी औरंगाबादच्या संस्थांचा निधी उभारायचा रुळलेला मार्ग वेगळा होता. संत एकनाथ रंगमंदिर किंवा तापडिया नाट्यमंदिर ठरवायचं, मुंबईचं नाटक आणायचं, देणगी प्रवेशिका खपवायच्या आणि स्मरणिका काढायची. समितीचा जीव या स्मरणिकेतच अडकायचा. आर्ट पेपर कुठला, शुभेच्छासंदेशांचा क्रम काय, फोटो आधी मंत्र्यांचा की अध्यक्षांचा? ज्या संध्याकाळी गुलमंडीवर प्रवेशिका घेऊन फिरायचं, ती मुद्रितं तपासण्यात जायची. जाहिरात देणारा व्यापारी तर स्मरणिका उघडतही नसे. त्यानं पैसे दिलेले असत ते दुकानाची पायरी चढून आलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघून.

ऐंशीच्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. नाटक अत्र्यांचं, १९३६ सालचं, लोकांच्या चांगल्या ओळखीचं. एवढे मोठे नट एकत्र आले म्हणून त्यांनी नवी, निर्दोष संहिता शोधली असती तर किती महिने गेले असते कोण जाणे. जमलेल्या निधीच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. हाताशी आहे तेच उचलण्याचा हा शहाणपणा आमच्याकडच्या समित्यांना बराच उशिरा सुचला. सुचला म्हणण्यापेक्षा गळ्यात पडला. मध्यंतरी एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी काही वर्षं बंद राहिलं, आणि मार्च २०२० नंतर तर कोरोनामुळे सगळीच सभागृहं मिटली. उरल्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चार ओळी आणि खाते क्रमांक. त्या ओळींत शुद्धलेखनाच्या चुका असायच्या. पैसे तरीही यायचे.

हिशोबाला मात्र ही सैल मोकळीक लावू नये. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची कलम ४१ क खालची परवानगी लागते. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली की दात्याला प्राप्तिकरातली सवलत मिळत नाही. हे दात्याला आधी सांगावं, नंतर वाद नको. हार कमी पडले तर पाहुणे समजून घेतात. पावती चुकली की तो दाता पुढच्या वर्षी दारात उभं करत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाडा पुरात बुडाला, तेव्हा चादरीची जागा क्यूआर कोडनं घेतली होती. स्मरणिका अजूनही निघतात. पानं कमी झालीत, आणि फोटोंच्या क्रमावरून भांडणं अजून होतात. पण आता ती प्रवेशिका संपल्यावर होतात.