सिबिल ७८२, तरी लोन नामंजूर! काहून?

"दादा, माहा सिबिल ७८२ हाय. मोबाईलमध्ये काटा पार हिरव्यात दाखवते. मंग ब्यांकेनं फाइल वापस काहून केली?"

अकोल्याच्या बॅचमध्ये एका ताईंनी हा प्रश्न विचारला आणि हॉलमधले निम्मे लोक माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे प्रश्न एकट्या ताईंचा नव्हता. व्हिडिओत मी यावर पाच मिनिटं बोललो, पण आकडेमोड राहून गेली. ती इथे सविस्तर करू.

आपल्याकडे सिबिलची हवा किती झाली आहे ते बघा. फेब्रुवारी २०२५ मध्ये मूर्तिजापूरची बातमी देशभर गाजली होती. लग्न जवळपास ठरलेलं, मुलीकडच्या नातेवाइकाने मुलाचा सिबिल बघायला मागितला, त्याच्यावर बरीच कर्जं निघाली, स्कोर कमी निघाला आणि सोयरीक मोडली. लोक हसले. पण त्यातून डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की स्कोर खराब म्हणजे माणूस बाद आणि स्कोर चांगला म्हणजे माणूस पास. यातला दुसरा भाग धंदेवाल्याला फसवतो.

स्कोर ३०० ते ९०० च्या मधे असतो. तो सांगतो एवढंच, की आजवर घेतलेली उधारी तुम्ही कशी फेडली. हप्ते वेळेवर गेले का, क्रेडिट कार्ड किती ताणलं, किती ठिकाणी कर्ज मागितलं, खाती किती जुनी आहेत. तुमची कमाई किती, हे त्यात नसतंच. महिन्याला १५ हजार कमावणाऱ्याने मोबाईलचे हप्ते नीट भरले तर त्याचा स्कोर ७८० येऊ शकतो, आणि लाखभर कमावणारा दोन हप्ते विसरला तर ६५० वर येतो. बँकेसमोर प्रश्न वेगळाच असतो. हा माणूस हे नवं कर्ज फेडू शकेल का?

आता ताईंचा हिशेब घ्या. शाळेचे गणवेश शिवायचा धंदा. मागणी ५ लाखांची, मशिनी आणि कापडासाठी. रिटर्नमध्ये वर्षाचं उत्पन्न दाखवलेलं ३ लाख, म्हणजे महिन्याला २५ हजार. आधीचे दोन हप्ते चालू: गाडीचा ३,२०० आणि मोबाईलचा २,३००. (मोबाईल मिस्टरांकडे, हप्ता ताईंच्या नावावर!) नवं कर्ज ५ लाख, १२ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी धरलं तर हप्ता साधारण ११,१२२. तिन्ही मिळून १६,६२२ झाले. २५ हजारांतले ६६ टक्के नुसत्या हप्त्यात. बँका साधारणपणे हा आकडा ४०-५० टक्क्यांच्या आसपास ठेवायला बघतात. फाइल इथंच अडकली. स्कोर ७८२ असो की ८५०, हे गणित बदलत नाही.

"पण दादा, खरी कमाई तर जास्त हाय!" असंलच ना. पण ती कागदावर कुठाय? कर वाचवायला रिटर्न कमी दाखवायचं आणि लोन मागताना तोंडी जास्त सांगायचं, हे राजेहो जमत नाही.

दुसरी भानगड बँक स्टेटमेंटची. माझ्या स्वतःच्या अमरावतीच्या दुकानाची गोष्ट सांगतो. पहिल्यांदा कॅश क्रेडिट मागायला गेलो तेव्हा स्कोर उत्तम होता. बीबीए केलेलं, त्यामुळे आपल्याला सगळं समजते हा तोरा होता तो वेगळाच. साहेबांनी स्टेटमेंट उघडलं आणि विचारलं, "तुमची विक्री कुठे आहे?" काउंटरवरचा क्यूआर कोड आईच्या बचत खात्याला जोडलेला होता! दिवसभराचं गिऱ्हाईक आईच्या खात्यात आणि माझ्या चालू खात्यात शुकशुकाट. फाइल परत. मी गुपचूप घरी आलो आणि त्याच संध्याकाळी क्यूआर बदलला.

त्यात आपल्या वऱ्हाडात पैसा बारा महिने सारखा फिरत नाही. सोयाबीन, कापूस बाजारात आला की दुकानात गर्दी, आणि ऑगस्टमध्ये माशा मारायची वेळ. बँक मागचे सहा ते बारा महिने बघते. तुम्ही ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचं स्टेटमेंट दिलं तर नेमके सुस्त महिने त्यांच्या टेबलावर जातात. वर्षाचं पूर्ण स्टेटमेंट द्या आणि हंगाम समजावून सांगा. ताईंचंही तेच झालं होतं. त्यांचा हंगाम मे ते जुलै, आणि अर्ज केला एप्रिलमध्ये.

स्टेटमेंटमध्ये अजून काय काय दिसतं? विम्याचा हप्ता खात्यात पैसे नसल्याने परत गेला, कुणाला दिलेला चेक वटला नाही. हे स्कोरमध्ये येत नाही, पण साहेबांच्या नजरेत येतं. गावातल्या पतसंस्थेचं कर्ज, भिशी, हातउसने यांचंही तसंच. पतसंस्थांची बहुतेक कर्जं सिबिल रिपोर्टमध्ये दिसत नाहीत, म्हणून स्कोर स्वच्छ राहतो. पण दर महिन्याच्या ५ तारखेला त्याच नावाने पैसे जाताना दिसले की प्रश्न येतोच. शेत तारण द्यायचं म्हटलं तर सातबारावर बाबांच्या पीककर्जाचा बोजा निघतो. तुमच्या स्कोरमध्ये तो कुठेच नसतो.

पीककर्जाचं निघालंच आहे तर एक घोळ मिटवतो. पीककर्जासाठी सिबिलची अट लावू नका, असं मुख्यमंत्री फडणवीसांनी मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत बँकांना बजावलं होतं. ते शेतीच्या पीककर्जापुरतं. दुकानाच्या लोनला "सरकारनं सांगितलं सिबिल बघू नका" म्हणून भांडायला जाऊ नका.

आता मोबाईलमधला तो हिरवा काटा. आपल्या देशात असे अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा. ॲपवर दिसणारा स्कोर एका कंपनीचा आणि बँकेने काढलेला दुसरीचा, असं सहज होतं. चाळीस-पन्नासचा फरक दिसला तर घाबरू नका. आणि "अभिनंदन, तुम्ही ५ लाखांसाठी पात्र आहात" ही मंजुरी नाही, जाहिरात आहे. यातली बरीच ॲपं लोन विकून कमिशन कमावतात. तुम्ही बटण दाबलं की अर्ज जातो आणि रिपोर्टवर चौकशीची नोंद पडते. आठवड्यात पाच ठिकाणी दाबलं तर स्कोर खाली येऊ शकतो. स्वतःचा स्कोर स्वतः बघितल्याने मात्र तो कमी होत नाही.

म्हणून काट्याऐवजी पूर्ण रिपोर्ट वाचा. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. त्यात आपल्या नावावर भलतंच कर्ज नाही ना, फेडलेलं खातं अजून चालू दिसत नाही ना, कुठे "सेटल्ड" लिहिलेलं नाही ना, ते बघा. सेटल्ड म्हणजे पूर्ण न फेडता तडजोड केली. स्कोर नंतर सुधारला तरी हा शब्द बँकवाल्याला खटकतो. चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. "सिबिल दुरुस्त करून देतो, ८ हजार द्या" म्हणणाऱ्याला रुपयाही देऊ नका.

कधीच कर्ज न घेतलेल्यांचा स्कोर उणे १ किंवा "हिस्ट्री नाही" असा दिसतो. बरेच जण तिथंच हात टेकतात. कमीत कमी इतका स्कोर हवाच, असा आकडा रिझर्व्ह बँकेने ठरवलेला नाही. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ जुना इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असंही बँकांना सांगितलेलं आहे. बाकी कागद मात्र मजबूत लागतात.

ताईंना आम्ही बॅचमध्येच कागद-पेन घेऊन बसवलं. मोबाईलचे थोडेच हप्ते उरले होते, ते एकदम भरून खातं बंद केलं आणि त्याचं पत्र घेतलं. मागणी ५ वरून ४ लाखांवर आणली. हप्ता ८,८९८, गाडीचा ३,२००, मिळून १२,०९८, म्हणजे ४८ टक्के. शाळांच्या ऑर्डरची पत्रं आणि पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट फाइलला लावलं. जुलैचा हंगाम खात्यात दिसू दिला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा अर्ज केला.

साडेतीन लाख मंजूर झाले. फोनवर म्हणाल्या, "दादा, अर्धा लाख कापलाच त्यायनं." तोवर दोन मशिनींचं कोटेशन त्यांनी घेऊनही ठेवलं होतं.