एकच शब्द, आग लावणारा आणि रोखणारा
कोरियन भाषेत ‘बांगह्वा’ म्हणजे आग लागू न देणे. आणि मुद्दाम आग लावणे, तेही ‘बांगह्वा’च! हंगुल लिपीत दोन्ही तंतोतंत सारखे लिहितात. ‘ह्वा’ म्हणजे आग. गोंधळ आहे तो ‘बांग’चा. एक ‘बांग’ अडवण्याचा, दुसरा मोकळे सोडण्याचा. दोन्ही धातू चिनीतून आलेले. चिनीत त्यांची अक्षरे निराळी आणि सूरही निराळे, म्हणून तिथे घोटाळा होत नाही. आजच्या प्रमाण कोरियनमध्ये मात्र असे सूर नाहीत, त्यामुळे कानाला भेद कळत नाही.

अशा शब्दांत ‘यॉनपे’ तर मला सर्वांत विलक्षण वाटतो: सलग विजेतेपदे किंवा सलग पराभव. संघाची कामगिरी ठाऊक असेल तरच खेळाच्या बातमीचा मथळा उलगडतो.

१९०९ मध्ये चीनमधल्या हार्बिन स्थानकावर जपानी नेते इतो हिरोबुमींवर गोळ्या झाडणाऱ्या आन जुंग-गुन यांना कोरियन लोक आदराने ‘उइसा’ म्हणतात. अर्थ, देशासाठी प्राण वेचणारा वीर. डॉक्टरही ‘उइसा’च, पण आन डॉक्टर नव्हते.

‘सा’ म्हणजे चार, आणि मृत्यूही. म्हणूनच कोरियातल्या कित्येक लिफ्टमध्ये चौथ्या मजल्याच्या बटणावर ४ ऐवजी ‘एफ’ हे इंग्रजी अक्षर असते.